दुसरी चिठ्ठी

दर नवरात्रात आमच्या स्टाफरूममध्ये कुणी ना कुणी मला विचारतंच, "मॅडम, आप भगवान को क्यों नहीं मानतीं?" मी गणित शिकवते, त्यामुळे लोकांना वाटतं की माझं उत्तर विज्ञानाचं असेल, किंवा मी कुठली तरी मोठी पुस्तकं वाचून बिघडले असेन. तसं काही नाही. माझं कारण बोटभर लांबीचं आहे. ते माझ्या कपाटात, आईच्या कुंकवाच्या डबीत ठेवलेलं आहे. कागदाचा एक तुकडा, आणि त्यावर निळ्या शाईत एकच शब्द. नाही.

अक्षर माझ्या काकांचं. दिनकरकाका. आमच्या कांचघर मोहल्ल्यातल्या घरात खाली ते, सुमित्राकाकू आणि त्यांची दोन मुलं मेघना आणि शैलेंद्र, वर माझे आईबाबा आणि मी, अशी आमची राहणी. पण घरात चालायचं ते काकांचं, आणि काकांच्या तोंडून दत्ताचं. कुठलाही प्रश्न आला की काका देवघराचं दार लावून घेत, दोन चिठ्ठ्या लिहीत, एकीवर 'हो', एकीवर 'नाही', आणि त्या घडी करून दत्ताच्या तसबिरीपुढे तबकात ठेवत. मग घरातली सगळ्यांत लहान मुलगी एक चिठ्ठी उचले. जी उचलली ती देवाची आज्ञा. उरलेली उघडायची नाही. ती एका डब्यात जायची, आणि नर्मदा जयंतीला तो डबा ग्वारीघाटावर नर्मदेत रिकामा व्हायचा.

नियम बरेच होते आणि सगळे काकांनी केलेले. जिवाचा प्रश्न असेल तर आजाऱ्याच्या नवरा-बायको-पोरांनी चिठ्ठी लिहायची नाही, कारण स्वार्थी हात. देवाला एकच प्रश्न दोनदा विचारायचा नाही, कारण तो देवाचा अपमान. आणि दुसरी चिठ्ठी उघडणं म्हणजे तर महापाप. हे सगळं ते इतक्या शांतपणे सांगत की ओळखीतले लोकसुद्धा पोरींची स्थळं घेऊन काकांकडे चिठ्ठ्या टाकायला येत.

मी तेरा वर्षांची असताना आईच्या छातीत गाठ निघाली. डॉक्टर म्हणाले, लगेच काढून टाका, उशीर नको. आई रडली नाही. बाबांना म्हणाली, "मला जगायचंय. करून टाका ऑपरेशन." माझ्यासमोर म्हणाली, पोळ्या लाटता लाटता. बाबा खाली गेले आणि आपल्या मोठ्या भावाला विचारून आले. काका म्हणाले, दत्ताला विचारू.

तबकातली चिठ्ठी मी उचलली. सगळ्यांत लहान मुलगी मीच होते ना. त्या दिवशी नवं परकर-पोलकं घातलं होतं, डोळे घट्ट मिटले होते आणि मनात 'हो, हो, हो' म्हणत होते. काकांनी चिठ्ठी उलगडली आणि सगळ्यांना दाखवली. आईनं ती वाचली आणि ती स्वयंपाकघरात निघून गेली. त्यानंतर तिला अंगारा लावला, तिच्यासाठी काढे उकळले, अकरा गुरुवार केले. दोन महिन्यांनी, माघात, काकांच्या मेघनाचं लग्न थाटात झालं. त्यात आईनं दोनशे माणसांच्या पंगतीला वाढलं. डावा हात वर होत नव्हता, म्हणून उजव्या हातानं.

त्या वर्षी दसऱ्याच्या आधी आई गेली. पुढचे चार महिने मी आपला उजवा हात दगडाला घासत होते. अंघोळीच्या दगडाला, हळूहळू, कुणी बघत नसताना. याच हातानं मी चिठ्ठी उचलली होती. दुसरी उचलली असती तर आई वाचली असती. हा हिशेब तेरा वर्षांच्या पोरीनं एकटीनं केला होता आणि घरातल्या एकाही मोठ्या माणसानं तिला विचारलं नाही की तुझा हात काहून सोलला.

मग नर्मदा जयंती आली. आदल्या वर्षी लग्नाच्या गडबडीत डबा घाटावर न्यायचा राहून गेला होता, म्हणून दोन वर्षांच्या चिठ्ठ्या एकत्र होत्या. बाबा आणि मी टेम्पोनं ग्वारीघाटला गेलो. बाबा स्नानाला उतरले, मी पायरीवर डबा धरून बसले. काकांची एक सवय होती. प्रत्येक चिठ्ठीच्या बाहेरच्या बाजूला ते बारीक अक्षरात प्रश्न आणि तारीख लिहीत, जणू दत्ताचा घोटाळा होऊ नये. मला फक्त माझ्या हातून सुटलेला तो 'हो' बघायचा होता. 'श्रीरंगाची बायको, ऑपरेशन.' श्रीरंग म्हणजे माझे बाबा. मी उघडली.

नाही.

मग मी सगळ्याच उघडल्या. स्कूटर घ्यावी का? चिठ्ठी 'हो' निघाली होती हे मला आठवत होतं, डब्यातलीही 'हो'च. म्हणजे दत्ताला स्कूटर फारच आवडली होती. शैलेंद्रला होस्टेलला पाठवावं का? दोन्ही 'नाही'. मी पायरीवर बसून हसले, हे मला स्पष्ट आठवतं. माझा हात दोषातून सुटला होता.

बाबा ओल्या धोतरानं वर आले तेव्हा मी ती चिठ्ठी त्यांच्यापुढे धरली. त्यांनी शब्द वाचलाच नाही. "उघडलीस?" म्हणाले. "दुसरी उघडलीस? पाप लागेल, प्रमो. टाक पाण्यात." मी म्हटलं, वाचा तरी. त्यांनी तोंड फिरवलं. त्यानंतर बाबा एकवीस वर्षं जगले. दर वर्षी आईच्या तिथीला मी ती डबी त्यांच्यापुढे ठेवायची, आणि दर वर्षी ते ताटावरून उठून जायचे. वाचली असती तर भावाला जाब विचारावा लागला असता. त्यापेक्षा पापाला भिणं सोपं.

आता कुणी म्हणेल, यात देवाचा काय दोष, दोष काकांचा. खरंय. पण देव त्या खोलीत होता ना? तीन तोंडं, सहा हात, पायाशी चार कुत्री. त्यातलं एखादं तरी भुंकायला हवं होतं. त्या दिवसानंतर मी त्या तसबिरीपुढे हात जोडले नाहीत. घर मात्र सोडलं नाही. नोकरी लागली, बदल्या टाळल्या, वरच्या मजल्यावर एकटी राहिले. लोकांना वाटलं, बिचारी काका-काकूंसाठी थांबली. मी थांबले होते, पण सेवेसाठी नव्हे. मला त्या माणसाला एकदा घाबरलेलं बघायचं होतं.

बत्तीस वर्षं लागली. गेल्या डिसेंबरात काकांच्या आतड्यात गाठ निघाली.

सिविल लाइंसमधल्या डॉक्टरांनी शैलेंद्रला सांगितलं की आठवड्याच्या आत ऑपरेशन करा, वय एकोणऐंशी असलं तरी तब्येत चांगली आहे, माणूस वाचेल. शैलेंद्र बंगळूरहून आला होता, त्याची नऊ वर्षांची अनुष्का बरोबर होती. मेघना नागपूरहून आली. मी खाली गेले तेव्हा काकू मटार सोलत होत्या आणि काका पलंगावर तक्क्याला टेकून बसले होते.

"चलो, मग मी उद्या अॅडमिशनचं करून टाकतो," शैलेंद्र म्हणाला. "डॉक्टर बोलून राहिले की लेट नको."

"करून टाक," काका म्हणाले. पटकन. मी ते 'पटकन' ऐकलं.

काकूंनी मटाराची परात खाली ठेवली. "असं कसं करून टाक? अहो, दत्ताला विचारलं कुठे अजून?"

"आता काय देवाला त्रास द्यायचा, सुमित्रा. डॉक्टर म्हणून राहिले ना."

"डॉक्टर तर सगळ्यांनाच म्हणतात. श्रीरंगभावजींच्या बायकोलाही म्हटलं होतं." काकू असं सहज बोलल्या, मनात काही नव्हतं त्यांच्या. त्या बाईइतकी खरी भक्ती मी दुसरी पाहिलेली नाही. "पन्नासच्या वर वर्षं झाली मला या घरात येऊन. विचारल्याशिवाय इथे कुणाला सुई टोचली नाही. आणि आता तुमच्याच वेळेला नाही विचारायचं? गुरुवारी विचारू."

 काका स्वतःच बांधलेल्या भिंतीत स्वतःच चिणले गेले होते. मी वर आले आणि बऱ्याच दिवसांनी गोडाचा शिरा केला.

गुरुवारी सकाळी प्रश्न आला की चिठ्ठ्या लिहायच्या कुणी. काकांचा हात आता थरथरतो, चमचासुद्धा धरवत नाही. "शैलेंद्र लिहील," ते म्हणाले.

"नाही, बाबा," मेघना म्हणाली, "बायको-पोरांनी नाही लिहायचं, तुम्हीच तर सांगायचे. मी नाही, शैलेंद्र नाही, आई नाही."

"मग प्रमो लिहील," काकू म्हणाल्या. "पुतणी आहे, पोटची नाही. आणि अक्षर किती सुंदर तिचं."

काकांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "लिहिते ना."

कागद आणि पेन घेऊन मी त्यांच्या खोलीत गेले. बाकीचे बाहेर तबक, फुलं, उदबत्ती यात गुंतले होते. काका हलक्या आवाजात म्हणाले, "प्रमो. नीट लिहून राहिली ना?"

"तुम्ही सांगाल तसं," मी म्हटलं. "दोन वेगवेगळ्या लिहू, काका? का तुमच्या पद्धतीनं दोन्हींवर एकच?"

रजईवर त्यांची बोटं थरथरत होती, ती थांबली. कंपवाताच्या औषधानं जे वर्षभरात झालं नव्हतं ते माझ्या एका वाक्यानं झालं. "मला नाही समजलं तू काय बोलून राहिली," ते म्हणाले.

"बरं," मी म्हटलं. मग मी त्यांच्याकडे पाठ करून बसले आणि दोन्ही चिठ्ठ्या लिहिल्या. पाठ मुद्दाम केली. काय लिहितेय हे त्यांना दिसू नये म्हणून नव्हे, तर दिसत नाहीये हे त्यांना कळावं म्हणून. बाहेर नीट प्रश्न घातला, 'दिनकर, ऑपरेशन', तारीख घातली, घड्या केल्या. त्यांच्यासारख्याच, चौपदरी. फार आनंद झाला मला. खोटं कशाला बोलू?

काकांचा पलंग देवघरासमोर आणला. तसबिरीला हार घातला, काकूंनी प्रार्थना म्हटली.  अनुष्काला नवा फ्रॉक घातला होता. तिनं डोळे घट्ट मिटले. ते मिटलेले डोळे मी ओळखले. वाटलं, या पोरीच्या हातालाही दगड लागणार. पण तिनं तोवर चिठ्ठी उचलली होती.

"दे इकडे," शैलेंद्र म्हणाला.

"उघडू नको," काका म्हणाले.

सगळे थांबले. काका तक्क्यावरून उठायला बघत होते. "दोन्ही उघडा. दोन्ही एकदम. मला दोन्ही बघायच्या आहेत."

"अहो, काहीतरी काय!" काकूंचा हात तोंडावर गेला. "दुसरी उघडायची नसते."

"उघडायची नसते, काका," मी म्हटलं. "महापाप असतं ते. तुम्हीच सांगितलंय."

"तिनं दोन्हींवर 'नाही' लिहिलंय!" काका माझ्याकडे बोट करून म्हणाले. "सुमित्रा, मला मारून राहिली ही. दोन्हींवर 'नाही' आहे. बघ तू, दोन्हींवर."

शैलेंद्र माझ्याकडे वळला. "दीदी, ये क्या बोल रहे हैं?"

"मलाही तेच विचारायचंय," मी म्हटलं. आवाज चढवला नाही. या वाक्यासाठी मी बत्तीस वर्षं आवाज राखून ठेवला होता. "पन्नास वर्षं चिठ्ठ्या निघतायत या घरात. आजवर कुणाच्या मनातसुद्धा आलं नाही की दोन्हींवर एकच लिहिता येतं. बाबांच्या नाही आलं, काकूंच्या नाही. तुमच्याच कसं आलं, काका?"

मीच खोलीत विचारलं होतं असं सांगायचं, तर 'तुमच्या पद्धतीनं' हेही त्यांना सांगावं लागलं असतं.  मी कुंकवाची डबी कमरेला खोचून आणली होती. त्यातला कागद काढला आणि काकूंच्या हातात दिला. बाबांनी जे एकवीस वर्षं वाचलं नाही ते काकूंनी चष्मा पुसून वाचलं. बाहेरची बाजू, मग आतली. मग पुन्हा बाहेरची.

"पण 'नाही' तर प्रमोनं उचलली होती," त्या म्हणाल्या. "मग ही..." आणि त्यांना समजलं. मी त्यांचा चेहरा बघितला आणि मला काकूंचं वाईट वाटलं. पण तेवढंच.

"बाबा?" मेघना म्हणाली.

"मला फक्त दोन महिने ढकलायचं होतं," काका म्हणाले. कुणाकडेच न बघता, रजईला सांगितल्यासारखं. "तुझं लग्न ठरलं होतं. टेबलावर काही झालं असतं तर सूतक लागलं असतं. मुहूर्त गेला असता, मुलाकडचे आधीच कुरकुर करून राहिले होते. लग्न झालं की करू म्हटलं ऑपरेशन. मी काय तिला मारायला निघालो होतो?"

"मग लग्न झाल्यावर काहून नाही केलं?" हे मी विचारलं नाही. काकूंनी विचारलं.

 मग काका म्हणाले, "चिठ्ठी निघाली होती ना. एकच प्रश्न दोनदा विचारत नाहीत. लोकांना काय सांगितलं असतं?"

तर हे असं होतं. इतकी वर्षं मी त्यांना राक्षस समजत होते. त्यांच्या मनात काही मोठं वैर असेल, आईबद्दल काही आकस असेल, अशी मी कारणं रचत बसले होते. कारण एवढंच निघालं. माझी आई एका नियमामुळे मेली, आणि नियम करणाऱ्याला तो मोडायची लाज वाटली. मला वाटलं होतं, हे ऐकून राग थोडा निवेल. तो वाढला. राक्षसाच्या हातून मरण येणं तरी समजण्यासारखं असतं.

"आईनं म्हटलं होतं, मला जगायचंय," मी म्हटलं. "तुम्हाला कळवलं होतं बाबांनी. आता तुम्ही म्हणा. दत्ताचं नाव न घेता, चिठ्ठी न टाकता. तुमच्या तोंडानं."

ते म्हणाले. रडत म्हणाले. "मला जगायचंय."

"आजोबा रो रहे हैं," अनुष्का म्हणाली. ती चिठ्ठी तिनं अजून मुठीत धरली होती. पोरीला कुणीच विसरायला नको होतं, आणि आम्ही सगळेच विसरलो होतो. मी तिच्याजवळ बसले आणि तिची मूठ सोडवली. "उघड, बेटा. तुझ्या हातात काहीच नाहीये. फक्त कागद आहे."

तिनं उघडली. अक्षर लावत वाचली. "हो."

तबकातली दुसरी काकूंनी स्वतः उचलली. पन्नास वर्षांत पहिल्यांदा. त्यावर 'नाही' होतं.

मी सरळ लिहिल्या होत्या. एकीवर हो, एकीवर नाही, जशा लिहायच्या असतात तशा. काका एक मिनिट गप्प बसले असते, आपल्याच देवावर एक मिनिट भरवसा ठेवला असता, तर 'हो' निघालं असतं, काकूंनी पेढे वाटले असते आणि ते संत म्हणून ऑपरेशनला गेले असते. 'नाही' निघालं असतं तर मी काय केलं असतं, हे मला विचारू नका. मी तो विचार करून ठेवला होता, आणि तो चांगला नव्हता. पण सांगायचं ते हे की त्या घरात दत्तावर अजिबात विश्वास नसलेली माणसं दोन होती, आणि त्यातलं एक पन्नास वर्षं पूजा करत होतं.

ऑपरेशन झालं. गाठ निघाली, काका वाचले. डॉक्टर म्हणाले, सहज पाच-सात वर्षं काढतील. मला बरं वाटलं. मरून सुटले असते तर माझ्या पदरात काय पडलं असतं? काकू आता त्यांना वेळेवर जेवण देतात, औषध देतात आणि बोलत नाहीत. तसबीर त्यांनी काढली नाही. पूजा त्या स्वतः करतात, देवघराचं दार उघडं ठेवून. मेघना नागपूरला गेली ती फोन आईलाच करते. तबक मात्र मी मागून घेतलं. त्यात मी आता किल्ल्या ठेवते.

घरी आणल्याच्या तिसऱ्या दिवशी काकांनी मला खाली बोलावलं. बरेच वाळले होते. माझा हात धरला, तोच उजवा. म्हणाले, "प्रमो, मला माफ कर."

मी म्हटलं, "नाही."

पंधरा दिवसांनी पुन्हा बोलावलं. या वेळी ते उठून बसले होते, हात जोडले होते, बहुधा सकाळपासून मनाशी घोकून ठेवलं होतं. "प्रमो," ते म्हणाले, "पोरी, आता तरी..."

मी त्यांची रजई नीट केली. पाण्याचा तांब्या हाताशी ठेवला.

"हे विचारून झालंय, काका," मी म्हटलं. "एकच प्रश्न दोनदा विचारायचा नसतो."